रंगाच्या पाण्यात जलपर्णी सोडताय? आधी या चुका टाळा

ठाणे-भिवंडी पट्ट्यातल्या छोट्या डाईंगवाल्यांना आणि कॉलेजात प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना रंगाचं सांडपाणी स्वच्छ करायला पाणवनस्पतींची भारी ओढ. वीज लागत नाही, केमिकल लागत नाही आणि जलपर्णी तर उल्हास नदीत हवी तेवढी. कल्पना चांगलीच आहे, मी स्वतः तिच्या बाजूचा आहे. म्हणूनच त्याच त्या चुकांनी ती बदनाम होताना बघवत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कापड रंगवायच्या मशीनचं पाणी थेट झाडांच्या हौदात सोडणं. कॉटनला रिॲक्टिव्ह रंगाची (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगाची) गडद शेड द्यायची तर बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात, लिटरमागे ४० ते ८० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट पडतं, वर सोडा ॲश. पीएच १०-११ आणि पाणी ६० अंशांच्या आसपास. जलपर्णी गोड्या पाण्यातली. लिटरला दोन-तीन ग्रॅम मिठातच ती मान टाकायला लागते.

भिवंडीजवळच्या एका कारखान्यात शेठनी हौसेनं हौद बांधून टेम्पोभर जलपर्णी आणली. आठवड्याच्या आत पानांच्या कडा करपल्या. फुगीर देठ दाबला की बोटाला पाणी लागायचं, मुळं काळीनिळी होऊन हातात गळून यायची. ऑपरेटर म्हणाला, "शेठ, आधी पीएच बघू का?" शेठ म्हणाले, "झाडंच कमजोर होती रे, नवी मागव." जुनी न काढताच नवी टाकली. कुजणाऱ्या झाडांनी पाण्यातला ऑक्सिजन संपवला. ग्लॉबर सॉल्ट म्हणजे सोडियम सल्फेट. ऑक्सिजन संपला की जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. सडक्या अंड्यांचा वास गल्लीभर पसरला. असा हौद साफ करायला कुणालाही आत उतरवू नका, हा वायू जीव घेतो.

माझी पद्धत साधी आहे. पहिला खारट बाथ वेगळा काढायचा. बाकी धुण्याचं पाणी एकत्र करून गार करायचं, पीएच ७ च्या आसपास आणायचा, गाळ बसवायचा, हवा द्यायची आणि झाडं सगळ्यात शेवटी. त्याआधी त्याच पाण्याच्या बादलीत चार रोपं ठेवायची. नवं पान फुटलं तरच हौदाला हात लावायचा. एवढाही धीर नसेल तर या वाटेला जाऊ नका.

दुसरी चूक मुलांची, आणि तिचा मला जास्त राग येतो: रंग गेला की पाणी शुद्ध झालं असं लिहून मोकळं होणं. प्रयोगाला बहुतेक वेळा मिथिलीन ब्लू हा निळा रंग घेतात. तो धनभारित, मुळं ऋणभारित, त्यामुळे तो पटकन चिकटतो. कापडाचे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात, ते असे चिकटत नाहीत. शिवाय रंग उन्हानंही फिका होतो. म्हणून शेजारी झाड नसलेला, तेच पाणी भरलेला टब हवाच. तो नसेल तर मी पुढचं वाचत नाही.

त्यातून ॲझो रंगांचं, म्हणजे नायट्रोजनच्या दुहेरी बंधामुळे रंग दिसणाऱ्यांचं, वेगळंच. ऑक्सिजन नसताना जिवाणूंमुळे तो बंध तुटतो, पाणी स्वच्छ दिसतं, पण ॲरोमॅटिक अमाईन ही रंगहीन रसायनं मागे राहतात. त्यातले काही कर्करोगकारक आहेत आणि ते पुढे मोडायला ऑक्सिजन लागतो. २०१७ मध्ये तळोज्यात कारखान्याच्या रंगानं कुत्री निळी झाली, तेव्हा कासाडी नदीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. रंगहीन अमाईन असे नजरेला पडत नाहीत. म्हणून सीओडी तपासा, म्हणजे पाण्यातली घाण रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. काढलेली झाडं गुरांना घालू नका, खतातही नको. काही रंगांत क्रोमियम, तांबं असतं. नाल्यात तर मुळीच फेकू नका, जलपर्णी तिथून पसरत जाते. हौदावर झाडांची गच्च चादर होऊ देऊ नका, दर आठवड्याला थोडी काढा. मॅन्सोनिया डासाच्या अळ्या मुळांना चिकटूनच वाढतात. कायमचं काही करायचं असेल तर खडीच्या वाफ्यात पाणकणीस, कर्दळ किंवा वाळा लावा, पण मुळं धरायला काही महिने द्या. आणि जुलैतला नमुना दाखवून यश सांगू नका, आपल्याकडच्या पावसात कुठलंही पाणी पातळ होतं. मार्च-एप्रिलमधला नमुना द्या.