मित्रासोबत ‘काउबॉय बीबॉप’ कशी पाहावी
१९९८ साली प्रसारित होऊ लागलेली ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका २६ भागांची असून प्रत्येक भाग सुमारे २४ मिनिटांचा आहे, त्यामुळे एका बैठकीत दोन-तीन भाग पुरेत. बहुतेक कथा स्वतंत्र असल्या तरी क्रम मोडू नये, कारण ‘बीबॉप’ या अंतराळयानावरील मंडळी एकेक करून जमतात आणि त्यांच्यातली एड ही मुलगी तर नवव्या भागात येते. पाचव्या भागात नायक स्पाइकचा भूतकाळ ठळकपणे समोर येत असल्याने तो मित्राला सोडून पाहू नये. १२ व १३ हे जोडभाग सलगच पाहावेत. योको कान्नो यांचे संगीत नीट ऐकू यावे म्हणून गप्पा नंतरसाठी ठेवाव्यात (शीर्षकसंगीत वगळणे तर अक्षम्यच). २००१चा चित्रपट २२व्या भागानंतर घ्यावा, कारण त्याची कथा तिथेच घडते.