रेडिओसाठी एलईडीवाला एसएमपीएस घेताय?

नागपूरच्या सीताबर्डीत एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा जाळीदार पत्र्याचा १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचा डीसी करून देणारा डबा) हॅम रेडिओलाही, म्हणजे हौशी लोकांच्या बोलायच्या-ऐकायच्या वायरलेस सेटलाही चालतो. फक्त आणला आणि जोडला, असं करू नका.

आधी बाजूच्या भोकातून आत डोकावा. ११०/२२०चा छोटा स्विच असेल तर तो २२०वर आहे ना, बघा. चुकून ११०वर राहिला, तर आतले कपॅसिटर फटाक्यासारखे फुटतात. अर्थिंगची वायर लावाच, आणि मेन्सचे (घरच्या विजेचे) उघडे स्क्रू झाका. मग रेडिओ न जोडता, मल्टिमीटर लावून टर्मिनलजवळचा छोटा प्रीसेट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्क्रू) हळूच फिरवत रेडिओला लागणारे १३.८ व्होल्ट आणा.

आता हिशेब. १२ गुणिले ३० म्हणजे ३६० वॅट. १३.८ला तेवढ्याच वॅटात २६ अँपिअरच बसतात, आणि शंभर वॅटचा सेट बोलताना वीस-बावीस सहज ओढतो. त्यात आपला मे महिना! पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या खोलीत एफएमवर (यात सेट बोलताना सतत पूर्ण पॉवर देतो) लांब गप्पा मारायच्या असतील तर पॉवर निम्मी करा, पंखा त्याच्याकडे वळवा.

खरी डोकेदुखी एसएमपीएसमुळे रेडिओत येणाऱ्या खरखरीची. रेडिओ बॅटरीवर ठेवून ७ मेगाहर्ट्झवर ऐका, मग शेजारी एसएमपीएस चालू करा. थोड्या थोड्या किलोहर्ट्झवर घोंघाट, तोही सरकणारा, ऐकू आला तर दोषी सापडला. मेन्सची आणि डीसीची वायर वेगवेगळ्या फेराइट रिंगवर (खरखर अडवणाऱ्या काळ्या कड्यांवर) पाच-सहा वेढे गुंडाळा, डबा अँटेनाच्या केबलपासून लांब सरकवा. तरीही खरखर राहिली, तर तो डबा एलईडी पट्ट्यांनाच द्या.