चिलखत हुबेहूब, पण अंगावर बसत नाही? प्रतिकृती घडवताना या चुका टाळा

चित्रपटातील चिलखताची प्रतिकृती पहिल्यांदाच घडवणाऱ्याचे बहुतेक लक्ष रंगाकडे आणि बारीक कोरीवकामाकडे असते, आणि काम बिघडले की दोषही तिथेच शोधला जातो. प्रत्यक्षात उकललेले सांधे, मानेला टोचणारी कड, पायरी चढताच वर सरकणारा मांडीचा भाग आणि वाकताना तडकणारा रंग यांपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ एकच असते: चिलखत स्तब्ध उभ्या असलेल्या शरीरासाठी बनवले जाते, पण ते घालणारा माणूस चालतो, बसतो, हात उचलतो आणि घामाने भिजतो. त्यामुळे दुरुस्तीचा विचार रंगापासून नव्हे, मापापासून सुरू करावा.

मापातल्या चुका

कागदी साचा किंवा थ्रीडी फाइल सरसकट एकाच टक्केवारीने लहान-मोठी करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अभिनेता तुमच्यापेक्षा उंच आहे, एवढ्यावरून त्याची छाती, दंड किंवा पोटरी त्याच प्रमाणात मोठी असेल असे ठरत नाही. प्रत्येक भागाचे माप वेगळे घ्यावे आणि ते आतला पोशाख व बूट घालूनच घ्यावे. मांडीचा घेर उभे राहून आणि बसून, तर दंडाचा घेर हात सरळ ठेवून आणि कोपर दुमडून, असा दोनदा मोजावा आणि त्यांतले मोठे माप धरावे. छातीच्या पुढच्या भागाची लांबी मात्र खुर्चीवर बसून मोजावी, कारण उभे राहून ठरवलेला भाग बसल्यावर मांड्यांना टेकतो आणि थेट हनुवटीखाली ढकलला जातो.

सामग्रीची जाडी विसरली जाते, तीही इथेच. १० मिलिमीटर जाडीचा फोम नळीसारखा वळवला की त्याचा बाहेरचा घेर आतल्या घेरापेक्षा सुमारे ६३ मिलिमीटरने जास्त भरतो. कागदाचा साचा मनगटावर नेमका बसला, तरी त्याच रेषेवर कापलेला जाड फोम आवळतो तो यामुळेच. साच्याची चाचणी पातळ फोम किंवा पुठ्ठा मास्किंग टेपने जोडून घेतली, तर हा फरक खरी सामग्री कापण्यापूर्वीच लक्षात येतो.

हेल्मेटच्या बाबतीत डोक्याचा घेर मोजून थांबणे पुरेसे नाही. खरी अडचण मानेकडच्या तोंडाशी येते, कारण नाकाच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर त्या तोंडातून जावे लागते. ते जात नसेल, तर संपूर्ण हेल्मेट मोठे करून खांद्यांच्या मानाने डोके बेढब दिसू देण्यापेक्षा मागचा भाग वेगळा काढून तो चुंबकांनी बसवणे अधिक चांगले. आत गादीसाठी सर्व बाजूंनी दीड ते दोन सेंटिमीटर जागा सोडावी.

संदर्भचित्रांबद्दल एक सूचना इथेच करतो. एकाच चित्रपटात एका पोशाखाच्या अनेक प्रती वापरलेल्या असतात आणि त्यांत फरक असतात. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधील पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांच्या काही हेल्मेटांना सपाट भिंगे आहेत, तर काहींना फुगीर. दोन्हींची छायाचित्रे मिसळून केलेले काम कोणत्याच मूळ प्रतीशी जुळत नाही. त्याच चित्रपटातला डार्थ व्हेडरचा मुखवटा हाताने घडवलेल्या मूळ शिल्पावरून आला असल्याने त्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत, आणि अर्धा भाग आरशासारखा उलटवून तो ‘दुरुस्त’ करणारे त्याची ओळखच पुसून टाकतात.

फोमचे सांधे, कडा आणि रंग

ईव्हीए फोमचा (चिलखतासाठी वापरला जाणारा लवचीक, रबरासारखा फोम) सांधा उकलला, तर आधी गोंदाच्या ब्रँडकडे न पाहता तुम्ही किती वेळ थांबलात ते पाहावे. कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही पृष्ठभागांवर लावून, बोट लावल्यावर ते बोटाला चिकटून येणार नाही इतके सुकू द्यावे लागते. ओले असतानाच भाग दाबले, तर आतला द्रव अडकतो आणि जोड कच्चा राहतो. कापलेली कड गोंद शोषून घेते, म्हणून तिथे दुसरा हात द्यावा. सांधा जोडल्यावर त्यावर हीट गन धरून आकार देण्याचा मोहही टाळावा, कारण उष्णतेने हा गोंद मऊ पडतो. वळण देणे आणि पृष्ठभागावर किंचित तकाकी येईपर्यंत उष्णता देऊन त्याची छिद्रे बंद करणे, ही दोन्ही कामे चिकटवण्यापूर्वी उरकावीत. सांध्यात फट दिसत असेल, तर पाते बोथट तरी झालेले असते किंवा कापताना तिरपे धरलेले असते. फोम पात्याला फार लवकर बोथट करतो, त्यामुळे पाते बदलण्यात काटकसर करू नये.

रंग तडकतो तो मुख्यतः लवचीक फोमवर कडक प्रायमर लावल्यामुळे. फोमवर रबरासारखे ताणणारे प्रायमर पातळ थरांत लावावे आणि प्रत्येक थर पुरता सुकू द्यावा. एकदा तडे गेले की वरून आणखी रंग मारल्याने ते झाकले जात नाहीत. तो भाग खरवडून पुन्हा सुरुवात करणे हाच उपाय आहे. आरशासारख्या चंदेरी रंगाखाली पूर्ण सुकलेला, चमकदार काळा थर हवा, आणि त्यावर घाईने पारदर्शक संरक्षक थर दिल्यास ती चमक मंदावते.

गोंद आणि स्प्रेच्या वाफा धुळीच्या साध्या मास्कने अडत नाहीत. त्यासाठी सेंद्रिय वाफांसाठीचे फिल्टर असलेला रेस्पिरेटर आणि वाहती हवा हवीच, आणि फायबरग्लास घासताना त्यालाच धुळीचा फिल्टरही जोडावा. या बाबतीत कोणतीही तडजोड मला मान्य नाही.

कडक प्लास्टिक

एबीएस या कडक प्लास्टिकचे साच्यातून काढलेले भाग कापताना अंतिम रेषेच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेर थांबावे, भाग टेपने अंगावर जोडून पाहावेत आणि मगच पुढे जावे. जास्त कापलेली कड परत मिळत नाही. सांध्यामागे त्याच प्लास्टिकची पट्टी चिकटवावी. प्लास्टिक विरघळवून जोडणारे द्रावण सांधा कायमचा करते, म्हणून माप पक्के होईपर्यंत ते बाटलीतच ठेवावे.

थ्रीडी प्रिंटसाठी वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत नीट रंगवलेला खांदा वाकडा होतो तो म्हणूनच. अशा वापरासाठी जास्त उष्णता सहन करणारे पीईटीजी हे प्लास्टिक किंवा एबीएस निवडावे.

पट्ट्या आणि भाराची वाट

चिलखत चांगले दिसणे किंवा न दिसणे माझ्या मते सर्वाधिक पट्ट्यांवर अवलंबून असते, आणि हेच काम सर्वांत शेवटी, घाईत केले जाते. प्रत्येक भागाचा भार कुठून कुठे उतरतो हे आधी ठरवावे. छाती आणि पाठ खांद्यांवर टांगावीत. मांडीचे भाग मांडीला आवळून न बांधता आतल्या कमरपट्ट्याला लटकवावेत. आवळून बांधलेला भाग चालताना हळूहळू खाली घसरतोच आणि रक्तप्रवाहालाही त्रास देतो. भार पेलायला न ताणणारी नायलॉनची पट्टी वापरावी आणि इलॅस्टिक फक्त आडव्या, शरीराबरोबर ताणल्या जाणाऱ्या जागी लावावे. सगळीकडे इलॅस्टिक लावले, तर चिलखत प्रत्येक पावलाला उसळते.

पट्टीचे टोक थेट फोमला चिकटवल्यास ओढ बसताच फोमचाच थर सोलून निघतो. तिथे आधी जाड कापडाचा रुंद तुकडा चिकटवून पट्टी त्याला शिवावी, म्हणजे ओढ मोठ्या क्षेत्रावर पसरते. टिचबटणे बसवली की एखादा भाग खराब झाला तरी तेवढाच काढता येतो. हात उचलताच खांद्याचा भाग बाहेर निसटत असेल, तर एकाच पट्टीवर तो टांगलेला असतो. मानेकडे एक आणि दंडाभोवती एक अशा दोन पट्ट्यांनी तो जागेवर राहतो. गुडघ्यामागे किंवा कोपराच्या घडीत कड बोचत असल्यास पट्टी सैल करण्याऐवजी ती कड कमानीसारखी कापून गोल करावी.

हेल्मेटचे भिंग धुरकट होणे ही श्वासातल्या दमट हवेची तक्रार आहे. धुके रोखणारा द्रव काही काळ मदत करतो, पण तोंडाजवळ छुपी छिद्रे आणि भिंगावर हवा सोडणारा छोटा पंखा हा टिकाऊ उपाय आहे. पूर्ण चिलखत घालून लोकांत जाण्यापूर्वी घरी निदान अर्धा तास ते अंगावर ठेवावे, बसावे, जिना चढावा, खाली पडलेली वस्तू उचलावी आणि जिथे घासते तिथे आतून टेपची खूण करावी. चिलखतात शरीराची उष्णता बाहेर पडत नाही आणि खालचे दिसत नाही, म्हणून बरोबर एक मदतनीस, पिण्याचे पाणी आणि सुट्या पट्ट्या, बटणे व जलद सुकणारा गोंद असलेली लहान पिशवी ठेवावी.