डबल प्रॅम घेताना या चुका टाळा : आधी उंबरा मोजा, मग दुकान गाठा

पहिले बाळ दीड-दोन वर्षांचे असताना पाठच्या भावंडाची चाहूल लागली, किंवा सोनोग्राफीत जुळी असल्याचे कळले, की घरात डबल प्रॅमचा विषय निघतोच. एक मूल कडेवर आणि दुसरे बोटाशी धरून आपल्या कोल्हापूरच्या रंकाळ्यावर एक फेरी मारून पाहिलेल्या कोणालाही ही वस्तू चैनीची वाटणार नाही. तरीही ओळखीच्या बऱ्याच घरांत महागामोलाची डबल प्रॅम जिन्याखाली उभी असते आणि तिच्या सीटवर जुन्या चादरी, पतंगाची फिरकी व पाहुण्यांची बॅग बसलेली दिसते. या गाड्या वाईट नसतात. त्या आपल्या घराच्या दाराला, गल्लीला आणि मुलांच्या वयाला धरून घेतलेल्या नसतात, एवढेच.

सर्वांत महागात पडणारी चूक : दार न मोजणे

ही चूक मी स्वतः केली असल्यामुळे तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. आमची पहिली डबल प्रॅम शेजारी-शेजारी बसण्याची होती आणि तिची रुंदी ७६ सेंटिमीटर होती. घराच्या दाराची चौकट ९० सेंटिमीटरची, त्यामुळे मनात शंका आली नाही आणि दुकानातही "सगळ्या दारांतून आरामात जाते, ताई" असे छातीठोकपणे सांगण्यात आले. घरी आल्यावर मात्र लक्षात आले की लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचे दार आहे, ते चपलांच्या रॅकला अडून पूर्ण उघडत नाही आणि प्रत्यक्षात मोकळी जागा ७२ सेंटिमीटरच उरते. रॅक हलवला, तर पुढे लिफ्ट. तिचे दार ७० सेंटिमीटर. रोज बाळाला आजीकडे देऊन, मोठ्याला जिन्यावर बसवून, गाडी मिटून खाली नेणे आणि पुन्हा उघडणे हा उद्योग आम्ही आठवडाभर केला. खोके फाडून टाकलेले असल्यामुळे दुकानाने गाडी परत घेतली नाही.

म्हणून मोजमाप चौकटीचे नव्हे, तर दार उघडल्यावर उरणाऱ्या मोकळ्या जागेचे घ्यावे. कडी, हँडल, जाळी, कुंडी, जे काही आत डोकावते ते वजा करावे आणि वर किमान ४-५ सेंटिमीटर हाताच्या बोटांसाठी सोडावेत, कारण प्रॅम ढकलणाऱ्याची बोटे हँडलच्या टोकाशी असतात व चौकटीवर आधी तीच घासली जातात. शेजारी-शेजारी प्रकारच्या बहुतेक गाड्या ७० ते ८० सेंटिमीटर रुंद असतात. लहान इमारतींतील चार-सहा माणसांच्या लिफ्टचे दार पुष्कळदा ७० च्या आसपास असते आणि आतली खोली एक मीटरच्या जवळपास. येथे दुसरा पेच निर्माण होतो. मागे-पुढे बसण्याची गाडी दारातून सहज आत शिरते, पण ती लांब असल्यामुळे लिफ्टचे दार तिच्यामागे बंद होत नाही. त्यामुळे लांबी आणि रुंदी दोन्ही टिपून घ्याव्यात आणि शक्य असल्यास तेवढ्या मापाचा जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून तो दारातून, लिफ्टमधून व जिन्याच्या वळणावरून फिरवून पाहावा. शेजारी हसतील, ते हसू द्यावेत.

जुन्या वाड्यात राहणाऱ्यांनी उंबऱ्याची उंची आणि जोत्याच्या पायऱ्याही मोजाव्यात. दोन मुले बसलेली गाडी पायरीवर चढवताना तोंड पुढे करून ढकलू नये. पाठ पायरीकडे करून मोठी मागची चाके आधी वर ओढावीत. तीनपेक्षा जास्त पायऱ्या रोज चढायच्या असतील, तर मुले उतरवून गाडी रिकामी नेणे हाच सुरक्षित मार्ग आहे आणि त्यासाठी घरात दुसरे माणूस लागते, हे गृहीत धरूनच खरेदीचा विचार करावा.

शेजारी-शेजारी की मागे-पुढे

हा प्रश्न बहुतेक जण दिसण्यावरून सोडवतात. तो रस्त्यावरून सोडवायला हवा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, महाद्वार रोडच्या आतले बोळ, पापाची तिकटी या भागांत दोन्ही बाजूंना दुचाकी लावलेल्या असतात आणि पदपथ असला तरी त्यावर विक्रेते किंवा विजेचा खांब असतो. तेथे पाऊण मीटर रुंदीची गाडी घेऊन जाणे म्हणजे दर पंधरा पावलांनी कोणाला तरी "जरा गाडी सरकवा की" म्हणणे होय. अशा वस्तीत मागे-पुढे प्रकार बरा, कारण त्याची रुंदी साध्या एकेरी प्रॅमइतकीच, म्हणजे साधारण ५५ ते ६५ सेंटिमीटर असते. उलट शिवाजी विद्यापीठाचा परिसर, रंकाळ्याचा फिरण्याचा मार्ग किंवा ताराबाई पार्कातील रुंद रस्ते हेच आपले फिरणे असेल, तर शेजारी-शेजारी प्रकार चालवायला हलका पडतो, लहान वळणात वळतो आणि दोन्ही मुलांना समोरचे सारखेच दिसते.

मागे-पुढे प्रकाराचे दोष दुकानातील गुळगुळीत फरशीवर कळत नाहीत. गाडी लांब असल्यामुळे गतिरोधकावर किंवा पदपथाच्या कडेवर पुढची चाके उचलण्यासाठी हँडलवर बरेच वजन टाकावे लागते. पुढची सीट मागे झुकवली, की ती मागच्या मुलाच्या गुडघ्यांवर येते, म्हणून दोघे एकाच वेळी झोपणार असतील, तर दोन्ही सीट पूर्ण झुकवून, मागच्या सीटवर पाय ठेवायला जागा उरते का, हे पाहावे. मागे बसलेल्या मुलाला पुढच्याच्या टपाखेरीज काहीच दिसत नाही आणि ते कंटाळून लाथा मारते. शेजारी बसणारी भावंडे एकमेकांचे केस ओढतात, हे अर्थात त्या प्रकाराच्या विरुद्ध बाजूला लिहायला हवे.

जुळ्यांसाठी माझे मत शेजारी-शेजारीच्या बाजूने आहे, कारण दोघांचे वजन जवळपास सारखे असते. वयात अंतर असलेल्या भावंडांना या गाडीत बसवले, तर जड मुलाच्या बाजूला गाडी ओढली जाते आणि सरळ रस्त्यावरही एका मनगटावर ताण येतो.

आजचे वय पाहून केलेली खरेदी

नवजात बाळाची मान सावरलेली नसते, त्यामुळे पहिले साधारण सहा महिने त्याला जवळजवळ सपाट झोपवता येईल अशी सीट किंवा झोपण्याची टोपली आवश्यक असते. पुष्कळ डबल प्रॅममध्ये दोनांपैकी एकच सीट पूर्ण सपाट होते. वेगवेगळ्या वयाच्या भावंडांना ते पुरते, जुळ्यांना पुरत नाही, आणि नेमके जुळ्यांच्या घरीच हे उशिरा लक्षात येते. गाडीवर "जन्मापासून" असे लिहिलेले असले, तरी ते दोन्ही सीटना लागू आहे की एकाच, हे माहितीपुस्तिकेत वाचून घ्यावे.

दुसरी बाजू वजनाची आहे. प्रत्येक सीटची मर्यादा वेगळी असू शकते. युरोपातील ईएन १८८८ या मानकाचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आणि दुसरा भाग त्यापुढे २२ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आहे. माहितीपत्रकावर हे मानक किंवा अमेरिकेचे एएसटीएम एफ ८३३ नमूद असेल, तर निदान ब्रेक, पट्टे व स्थिरता यांची कसोटी घेणारी एक चौकट पाळल्याचा दावा आहे, असे समजावे. अडीच वर्षांचे मूल साधारण १२-१३ किलोचे असते, म्हणजे १५ किलोची मर्यादा असलेली सीट त्याला फार काळ पुरणार नाही.

आता एक हिशेब करावा. मोठे मूल १३ किलो, सहा महिन्यांचे बाळ ७ किलो, गाडी १३ किलो आणि लंगोट-दुधाची पिशवी २ किलो, अशी ३५ किलोंची ही वरात आहे. टेंबलाईच्या चढाला किंवा पंचगंगा घाटाकडच्या उताराला ती एकट्या माणसाने सावरायची असते. उतारावर हँडलला जोडलेली दोरी मनगटात अडकवण्याची सवय ठेवावी. दोरी नसेल तर ती लावून घ्यावी.

मुलांमधील अंतर अडीच वर्षांहून अधिक असेल, तर डबल प्रॅम घेऊच नये असे मी स्पष्टपणे सांगेन. मोठे मूल तीन वर्षांचे झाले, की गाडीत बसण्यास नकार देते आणि गाडी ढकलण्याचा हट्ट धरते. अशा घरात चांगली एकेरी प्रॅम आणि तिच्या मागे जोडायची उभे राहण्याची चाकांची फळी, किंवा बाळ अंगाशी बांधण्याची झोळी आणि मोठ्यासाठी एकेरी प्रॅम, ही जोडी स्वस्त पडते व जास्त काळ चालते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला जाताना तर कोणतीच प्रॅम उपयोगाची नाही. तेथे झोळी आणि घरातले आणखी दोन हातच कामी येतात.

मिटते, पण मावते का

१९६५ साली ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी तयार केली आणि तेव्हापासून मिटणारी प्रॅम म्हणजे काखेत मारता येणारी प्रॅम, अशी आपली समजूत झाली आहे. डबल प्रॅम मिटल्यावर बहुधा एका मध्यम सुटकेसएवढी, कधी त्याहून मोठी राहते. मोटारीच्या डिकीत सीएनजीची टाकी असेल, तर उरलेल्या जागेत ती सहसा बसत नाही. डिकीची खोलीच नव्हे, तर तिच्या तोंडाची रुंदी आणि उंचीही मोजावी, आणि पुस्तिकेत छापलेले माप चाके काढून घेतलेले तर नाही ना, हे पाहावे; रोज चाके काढणारे पालक मी अद्याप पाहिलेले नाहीत. दुचाकीवरच फिरणाऱ्या कुटुंबाने ही गाडी केवळ घरापासून पायी जाण्यासाठी आहे, असे धरून चालावे.

ब्रेकविषयी एक गोष्ट आपल्या गावाशी जोडलेली आहे. काही गाड्यांचा पायाचा ब्रेक सोडताना पायाच्या बोटांनी पट्टी वर उचलावी लागते. बुटात ते जाणवत नाही, पण कोल्हापुरी चप्पल घालून ते करून पाहावे, म्हणजे अंगठ्याचे नख काय म्हणते ते कळेल. दाबून लावण्याचा आणि दाबूनच सोडण्याचा ब्रेक असलेली गाडी निवडावी, आणि रोज घालतो तीच चप्पल घालून दुकानात जावे.

घरी आल्यावरच्या तक्रारी

पहिल्या दिवशी खोके व पावती जपून ठेवावी आणि मुलांना बसवण्याआधी एका सीटवर १० किलो तांदळाची आणि दुसऱ्या सीटवर ५ किलो पिठाची पिशवी पट्ट्याने बांधून गाडी इमारतीच्या आवारात फिरवावी. ब्रेक लावून उतारावर उभी केल्यावर ती तसूभरही सरकता कामा नये. सरकली, तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता ती लगेच परत करावी.

गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आधी जड मूल दुसऱ्या बाजूला बसवून पाहावे. ओढ त्याच्याबरोबर बाजू बदलत असेल, तर दोष वजनाचा आहे. बाजू तीच राहिली, तर त्या बाजूचे चाक नीट बसलेले नाही किंवा हवेच्या टायरमध्ये दाब कमी आहे. पुढची चाके थरथरत असतील, तर वेग आणि खडबडीत रस्ता हे कारण असते, त्यामुळे खडीच्या रस्त्यावर ती डावी-उजवीकडे वळू न देता खटक्याने सरळ दिशेत पक्की करावीत. हवेचे टायर धक्के छान खातात, पण पंक्चरही होतात आणि त्यांच्या मापाची ट्यूब सायकलच्या दुकानात मिळेल याची खात्री नसते. ज्यांना ही कटकट नको, त्यांनी फोमचे भरीव टायर घ्यावेत.

चाक कुरकुरू लागले, की घरातील कोणीतरी खोबरेल तेल घेऊन येते. तेलावर धूळ बसते आणि पंधरा दिवसांत कुरकूर दुप्पट होते. चाक काढून आसावर गुंडाळलेले केस व दोरे चिमट्याने काढावेत, कोरड्या फडक्याने पुसावे आणि सिलिकॉनचा फवारा मारावा. आमच्या गाडीच्या एका आसावरून माझ्या मुलीच्या फ्रॉकची अख्खी लेस निघाली होती.

हँडलला भाजीची पिशवी अडकवल्यामुळे गाडी मागे कलंडते, आणि बहुतेक वेळा ती मूल उतरवल्याच्या क्षणी कलंडते, कारण तोवर पुढचे वजन पिशवीला तोलून धरत असते. पिशवी खालच्या टोपलीत ठेवावी. उन्हात टपावर ओढणी किंवा दुपटे टाकून गाडी पूर्ण झाकू नये. आत हवा कोंडून बाळ तापते. पावसाचे प्लास्टिकचे आवरणही छपराखाली आल्याबरोबर काढावे. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या ओलीत मिटून ठेवलेल्या गाडीच्या कापडाला आठवड्यात बुरशी धरते, म्हणून भिजलेली गाडी उघडी ठेवून पंख्याखाली वाळवावी, पट्ट्यांच्या बकलमधले पाणी झटकावे आणि कापड पूर्ण कोरडे झाल्यावरच ती मिटावी.