आपल्या मतदारसंघाचे गोवा मुक्तीपासूनचे सगळे आमदार एका वहीत कसे मांडायचे

मागच्या चतुर्थीला घरी सगळे जमलेले, विषय निघाला की आपल्याकडे आजवर आमदार कोण कोण झाले, आणि पाच माणसांनी सात यादी सांगितल्या. तेव्हा ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढायचंच. तुम्हालाही करायचं असेल तर सांगतो, गोव्यात विधान परिषद नसल्याने काम तसं लहान आहे, पण फसायच्या जागा खूप.

आधी वहीत निवडणुकांची वर्षं उभी लिहून घ्या: 1963, 67, 72, 77, 80, 84, 89, 94, 99, 2002, 07, 12, 17, 22. मग निवडणूक आयोगाच्या साइटवर प्रत्येक निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल मिळतो, पीडीएफ असते, त्यात मतदारसंघवार उमेदवार, पक्ष, मतं सगळं आहे. जुने शोधताना नुसतं गोवा टाकू नका, 1987 पर्यंत गोवा, दमण आणि दीव असं एकत्र होतं, नाहीतर काहीच सापडत नाही म्हणून वैतागाल.

आता पहिली मोठी अडचण म्हणजे मतदारसंघच तोच राहत नाही. 1963 ला सभागृह 30 चं, त्यात गोव्याच्या 28 जागा, दमण आणि दीवची एकेक. घटक राज्य झाल्यावर 1989 ला थेट 40 झाल्या. सत्तरी तालुक्याचं उदाहरण घ्या, आधी सत्तरी हा एकच मतदारसंघ होता, प्रतापसिंह राणे 1972 ला मगोकडून (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) तिथूनच निवडून आले, नंतर पर्ये आणि वाळपई असे दोन झाले आणि ते पर्येतून लढत राहिले. म्हणजे वाळपईच्या माणसाने वही 1989 पासून सुरू करायची की सत्तरीपासून? मी म्हणेन सत्तरीपासून, फक्त मध्ये जाडी रेघ मारा. दुसरी रेघ 2012 ला, कारण नवीन सीमांवर पहिली निवडणूक तेव्हाची. त्यात पाळी जाऊन साखळी आली, पेडण्यातला धारगळ यादीतूनच गेला. तुमचा गाव कुठून कुठे गेला ते मतदारसंघ पुनर्रचनेच्या आदेशात बघा, बाजूच्या गाववाल्याला विचारून लिहू नका.

नावांचं पण एक आहे. आपण म्हणतो सुदिन ढवळीकर, कागदावर रामकृष्ण. बाबूश म्हणून शोधलात तर आतानासियो मोन्सेरात सापडणार नाहीत.

पण खरी माती खाल्ली ती मी पोटनिवडणुकांत. पणजीसमोर 2017 ला एकच नाव लिहून यादी आमच्या ग्रुपवर टाकली आणि दहा मिनिटांत तीन जणांनी धुतली. बरोबरच होतं त्यांचं! मनोहर पर्रीकर 2014 ला केंद्रात मंत्री होऊन दिल्लीला गेले म्हणून 2015 च्या पोटनिवडणुकीत सिद्धार्थ कुंकळ्येकर आले, 2017 ला पुन्हा तेच जिंकले, मग त्यांनी पर्रीकरांसाठी जागा सोडली, त्याच वर्षी पर्रीकर परत आमदार, मार्च 2019 ला त्यांचं निधन झालं, मे महिन्यात काँग्रेसचे बाबूश जिंकले आणि जुलैत तेच भाजपात. एका टर्ममध्ये तीन माणसं, आणि तिसऱ्याचे दोन पक्ष. आयोगाच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात यातलं फक्त कुंकळ्येकर दिसतं. म्हणून पोटनिवडणुकीचे निकाल वेगळे उघडून बघावे लागतात, हा कंटाळा करू नका.

पक्षाच्या रकान्यात निवडून आला तो पक्ष आणि टर्म संपताना होता तो पक्ष असे दोन कप्पे करा, गोव्यात एकाने भागत नाही. जुलै 2019 ला काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपात गेले, सप्टेंबर 2022 ला 11 पैकी 8. हे आकडे असेच आलेले नाहीत, 2003 च्या घटनादुरुस्तीनंतर पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांशाची फूट चालत नाही, दोन तृतीयांश आमदार लागतात विलीनीकरणाला. मडगावात तर माणूस एकच, दिगंबर कामत 1994 पासून, पण भाजप, मग 2005 ला काँग्रेस, मग 2022 ला परत भाजप. नावाचा रकाना रिकामाच ठेवला तरी चालेल, पक्षाचा पुरत नाही 😄

60-70 च्या दशकातल्या तारखा अडल्या तर पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जुने पेपर बघायला जा, निकालाच्या आठवड्याचे अंक आधी मागा. आणि वही पेन्सिलने लिहा, माझी पेनाने लिहिलेली पहिली वही पणजीच्या पानावरच बाद झाली.