आयुष्य अडकलंय असं वाटतं तेव्हा या चुका टाळा (अभ्यासिकेतल्या पोरापोरींसाठी)

पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससीची, म्हणजे राज्य सरकारी नोकऱ्यांच्या स्पर्धा परीक्षांची, तयारी करणाऱ्यांसाठी अभ्यासिका चालवतोय बरीच वर्षं, त्यामुळे अडकलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. प्री (पूर्व परीक्षा) निघते, मेन्स (मुख्य परीक्षा) जाते, नाहीतर दोन मार्कांनी कटऑफ हुकतो, पुढच्या भरतीची ॲड (जाहिरात) लांबते, घरून विचारणा सुरू होते आणि पोरगं खुर्चीत बसल्या बसल्या थांबतं. असं होणारच, त्यात त्याचा दोष नाही. पण त्यानंतर जे करतात ना, त्यात त्याच त्याच चुका बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

"पोस्ट निघाली की मग बघू"

सगळ्यात घातक ही. पोस्ट निघणं म्हणजे निवड होऊन सरकारी नोकरी मिळणं. दाढ दुखतेय, पोस्ट निघाली की बघू. मित्राला फोन, नंतर. बहिणीला बघायला पाहुणे येणारेत, मी कशाला येऊ. राज्यसेवेचा (एमपीएससीच्या अधिकारीपदांच्या परीक्षेचा) फॉर्म खुल्या गटातून ३८ आणि मागासवर्गातून ४३ वर्षांपर्यंत भरता येतो, म्हणजे हे 'नंतर' किती लांबू शकतं ते तुम्हीच बघा.

माजलगावकडचा एक पोरगा होता, घरी शेती. कंबाइनची (एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची) मेन्स थोडक्यात गेली आणि मग तो नुसताच यायला लागला, सकाळी सातला हजर, रात्री दहाला बाहेर. एकदा त्याच्या टेबलापाशी गेलो तर पॉलिटीच्या (राज्यव्यवस्थेच्या) पुस्तकाचं पान आधी पिवळ्या हायलायटरनं, त्यावर गुलाबी, त्यावर हिरव्यानं रंगवलेलं, कोरी ओळ एक नाही. आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा तसाच, सुतळीसुद्धा सोडलेली नाही. पेपर सोडवला की आपण कुठं आहोत ते कळतं, त्याचीच भीती. आईचा फोन आला की मोबाईल पालथा घालायचा.

अभ्यासाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. मेसवाल्या काकूंचा मुलगा अपूर्णांकात अडकला होता, म्हटलं जेवायच्या आधी अर्धा तास त्याला शिकव. "नको काका, टाइम जाईल." म्हटलं आजच्या दिवस जा. गेला. छेद समान का करायचा ते पोळीचे तुकडे करून समजावलं त्यानं आणि त्या पोराला कळलं! दुसऱ्या दिवशी न सांगता गेला. मग शेजारची दोन-तीन पोरं आली, काकूंनी मेसचे पैसे घेणं बंद केलं, आणि घरून कमी पैसे मागावे लागतायत म्हटल्यावर आईचा फोन उचलायला लागला. गठ्ठ्याची सुतळी त्यानंतर सुटली, माझ्या सांगण्यावरून नाही. पोस्ट अजून निघालेली नाही त्याची. दिवसा एका पतसंस्थेत काम करतो, संध्याकाळी अभ्यास, आणि बहिणीच्या लग्नात पंगतीला वाढत होता.

म्हणून माझी सवय अशी की कुणी "काका काहीच होत नाहीये" म्हणत आलं की त्याला चिठ्ठी देतो, संध्याकाळपर्यंत होईल असं एकच काम लिही. "सिरीयस व्हायचंय" लिहिलं तर परत करतो. ते संध्याकाळी झालं की नाही कसं सांगणार? "नॉन-क्रिमीलेयर दाखल्याची मुदत संपलीये का बघणे", "डेंटिस्टची वेळ घेणे", हे चालतं.

उद्यापासून सगळंच बदलायचं

घाईवाली पोरं ही चूक करतात, नवीन आलेली तर हमखास. टॉपरची मुलाखत बघितली की पहाटे चारचा गजर, नवा क्लास, नवी अभ्यासिका, नवा टेलिग्राम ग्रुप, आणि आठवड्यात सगळं गार. राज्यसेवा मेन्स २०२५ पासून वर्णनात्मक झाली, लेखी १७५० मार्क आणि मुलाखत २७५, तेव्हा कितीतरी जणांनी घाबरून सगळ्या पेपरांची पुस्तकं एका दिवसात आणली आणि पेन मात्र उचललं नाही. माझं मत विचाराल तर नवं पुस्तक आणणं ही पळवाट आहे. आज एक प्रश्न घ्या, दीडशे शब्दांचं उत्तर हातानं लिहा आणि शेजारच्या टेबलावर वाचायला द्या. वाईट येईल, येऊ दे, उद्या दुसरं लिहा.

बाकीच्या थोडक्यात. बरोबरच्या मित्राची पोस्ट निघाली की त्याला टाळू नका, पेढा खायला जा. नोकरी धरली म्हणजे हरलो असं समजू नका, पतसंस्थेतला पोरगा वर सांगितलाच. महिन्याचा खर्च कागदावर मांडा, खोलीभाड्याचा आकडा डोक्यात ठेवून नुसतं घाबरत बसू नका.

आणि झोप उडालीये, जेवण जात नाहीये, जगण्यात अर्थ नाही असं वाटतंय, तर तिथं माझी चिठ्ठी पुरत नाही, आणि ते एकट्यानं अंगावर काढणं ही सगळ्यात मोठी चूक. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. एकट्याला धीर होत नसेल तर खाली ऑफिसात या, दार लावून घेऊ, मी शेजारी बसतो, तुम्ही फोन लावा.