हापूसच्या रसाचा वास उडतो कुठे? साठवणीतल्या या चुका टाळा

बाटलीबंद हापूस रसाची नेहमीची तक्रार अशी: रंग छान, गोडी छान, पण वास नाही. आहे तो नुसता शिजवल्यासारखा गोड वास. बिघाड बहुतेक वेळा साठवणीतला नसतोच, बाटली भरण्याआधीच तो होऊन गेलेला असतो.

तो शोधायचा तर हापूसचा वास कशाचा बनतो ते पाहावं लागेल. त्यात दोन थर असतात. पहिला टर्पीन नावाच्या हलक्या, चटकन उडून जाणाऱ्या द्रव्यांचा, मुख्यतः ऑसिमीन आणि थोडं मिरसीन. कैरीचा देठ मोडला की चिकाला जो हिरवट, उग्र वास येतो तो यांचाच. दुसरा थर लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या द्रव्यांचा. गॅमा-डेकालॅक्टोनमुळे पीचसारखी मऊ गोडी येते, तर फ्युरॅनिऑल अननसात आणि स्ट्रॉबेरीतही असतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसवर झालेल्या अभ्यासात हा फरक स्पष्ट दिसला: टर्पीनं कैरीतही असतात, लॅक्टोन आणि फ्युरॅनोन मात्र फळ पिकतानाच तयार होतात. पुढची प्रत्येक चूक यातल्या कुठल्या तरी थराला मारते.

रंग आला म्हणून रस काढणं

साल पिवळी झाली म्हणजे आंबा पिकला असं नाही. दुसरा थर पिकण्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत भरतो. चौदा आणे तयार, म्हणजे झाडावर जवळपास पूर्ण वाढलेलं, फळ पेंढ्याच्या आढीत साधारण 8 ते 12 दिवस घेतं. देठाजवळ नाक नेल्यावर गोड घमघमाट आला आणि फळ हाताला किंचित दबलं, की रस काढावा. कार्बाइडने पिकवलेल्या फळात हीच गोष्ट उलटी होते. कार्बाइडला ओल लागून निघणारा ॲसिटिलीन वायू सालीचा रंग पटकन बदलतो, आतला वास मात्र मागेच राहतो. शिवाय त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, आणि कायद्याने त्याला बंदी आहे. फळं पिकवायला परवानगी आहे ती इथिलीन वायूची, दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत.

कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवणं ही तितकीच महागात पडणारी चूक. 12 अंश सेल्सिअसच्या खाली हिरवं फळ बरेच दिवस राहिलं तर त्याला थंडी बाधते. मग बाहेर काढूनही ते नीट पिकत नाही आणि वास धरत नाही. आधी आढी, मग फ्रिज.

चीक आणि साका

आंबे धुऊन अर्धा-पाऊण तास पाण्यात ठेवावेत, देठाकडचा भाग कापून पहिले चार-पाच थेंब पिळून टाकून द्यावेत. सालीवरचा चीक रसात उतरला तर आख्ख्या पातेल्याला टर्पेंटाइनचा वास लागतो आणि तो नंतर काढता येत नाही.

प्रत्येक फळ कापून पाहावं, न कापता थेट पिळू नये. हापूसमध्ये साका बाहेरून दिसत नाही. आतला गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबूस निघाला तर तो भाग वगळावा. चार फळांचा साका दहा किलो रसाची चव बिघडवतो.

उघड्या कढईत आटवणं

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. गवती चहाचं तेल भट्टीवर कसं काढतात ते आठवा. त्यातलं सिट्रल 229 अंशांना उकळतं, तरी 100 अंशांच्या आतच वाफेबरोबर बाहेर पडतं, कारण पाणी आणि तेल आपापला वाफेचा दाब एकत्र लावतात. रस आटवताना अगदी हेच घडतं. मिरसीनचा उत्कलनबिंदू 167 अंश, पण वाफेबरोबर ते केव्हाच निघून जातं. फरक इतकाच की भट्टीवर वाफ थंड करून तेल गोळा करतात आणि इथे ती छताला लागते. रस आटवताना घरभर दरवळतो तो वास बाटलीतून वजा झालेला असतो. जड लॅक्टोनं बऱ्यापैकी मागे राहतात, म्हणून आटवलेला रस गोड, घट्ट पण एकसुरी लागतो.

म्हणून वर्षभराच्या रसासाठी आटवू नये, फक्त तापवावा:

1. एका वेळी दोन किलोच रस घ्यावा, पातेलं जाड बुडाचं आणि स्टीलचं. लोखंड आणि बिनकल्हईची पितळ-तांब्याची भांडी नकोत. धातूचा अंश उतरला की रस काळवंडतो आणि वास लवकर शिळा होतो.
2. किलोला 5 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालावं. त्याने रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितका रस आंबट) धोक्याच्या रेषेच्या, म्हणजे 4.5 च्या, पुरेसा खाली राहतो. याहून जास्त घालू नये, कारण आम्ल आणि उष्णता मिळून टर्पीनांना शिळकट वासाच्या द्रव्यांत बदलतात.
3. झाकण ठेवून, अधूनमधून ढवळत, 85 अंशांपर्यंत लवकर न्यावं. थर्मामीटर वापरावा. कडेने बुडबुडे येऊ लागले की थांबायची वेळ झाली.
4. गरम असतानाच उकळलेल्या काचेच्या बाटलीत भरावा, वर बोटभर जागा सोडावी, झाकण घट्ट करून बाटली अर्धा तास उकळत्या पाण्यात उभी ठेवावी.

आंबापोळीचं गणित वेगळं. तिथे पाणी घालवायचंच असतं, त्यामुळे हलका वास काही प्रमाणात जाणारच.

मिक्सर आणि पिशवी

मिक्सरमध्ये रस फिरवला की त्यात हवा मिसळते, आणि टर्पीनांना प्राणवायू सोसत नाही. पुरणयंत्र किंवा चाळण बरी. फ्रीजरमध्ये (उणे 18 अंश) ठेवलेल्या रसाचा वास तापवलेल्यापेक्षा जास्त टिकतो. मात्र पातळ पॉलिथिनच्या पिशवीत भरू नये. टर्पीनं पॉलिथिनमध्ये विरघळतात, म्हणून रिकामी पिशवी धुऊनही तिला आंब्याचा वास येत राहतो. जाड, अनेक थरांची पाकिटं किंवा काचेचा डबा वापरावा. डब्यात वर दोन सेंटिमीटर जागा सोडावी, रस गोठताना फुगतो.

वाढताना

फ्रिजमधून काढलेला रस लगेच वाढला तर वास दबलेलाच राहतो, वीस मिनिटं बाहेर ठेवा. वेलची साठवणीच्या रसात कधीच घालू नये, तिच्यातलं सिनिओल हे उग्र वासाचं द्रव्य हापूसवर मात करतं. तूप मात्र जरूर घ्यावं. लॅक्टोनं तुपात सहज विरघळतात, आणि डेल्टा-डेकालॅक्टोन तर तुपाच्या स्वतःच्या वासातही असतं.

बाटली उघडताना झाकण फुगलेलं दिसलं, फसफस झाली किंवा दारूसारखा वास आला, तर चव न घेता रस टाकून द्यावा.